संगणकाची किल्ली कोणाच्या हाती?



'स्वदेशी' हा शब्द कानी पडला की महाराष्ट्राला १९०५ सालची पुण्यातील विदेशी कापडाची होळी आठवते. तरुण सावरकरांनी पुढाकार घेतलेल्या त्या होळीत नुसते कापड जळले नाही. नित्याच्या गरजेची वस्तू परक्याच्या मर्जीवर सोडून देण्याची सवयही त्या ज्वाळांत टाकली गेली. त्या घटनेला शंभराहून अधिक वर्षे लोटली. अंगावरचे कापड कोठे विणले गेले हे आज सहज कळते. परंतु शाळा, पतपेढी, दवाखाना, सेवाप्रकल्प, एवढेच काय, सरकारी कचेरी, यांच्या अंगावर आता एक अदृश्य वस्त्र आहे. ते कोणी विणले, कोणत्या अटीवर दिले आणि ते काढून घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे विचारण्याची गरज फारसे कोणाला वाटत नाही. हे वस्त्र म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली, ऑपरेटिंग सिस्टिम.

ही कार्यप्रणाली म्हणजे नेमके काय? जुन्या वाड्याचा कारभारी डोळ्यांपुढे आणावा. धान्याचे कोठार कोणते, दफ्तर कोठे, कोणत्या गड्याने कोणते काम करावे, दिंडी दरवाजा कोणासाठी उघडावा, हे सारे तोच पाहतो. मालक आपल्या दिवाणखान्यात बसून आज्ञा देतो. ती अमलात येते कारभाऱ्याच्या हातून. पत्र लिहिण्याची, हिशेब ठेवण्याची, चित्र पाहण्याची जी जी आज्ञावली संगणकावर चालते, ती या कारभाऱ्याच्या परवानगीनेच चालते. आता कल्पना करावी की वाडा आपला, धान्य आपले, दफ्तरही आपले. पण कारभारी परगावच्या सावकाराने नेमून दिलेला आहे, तो काय करतो हे पाहण्यास मालकाला मनाई आहे आणि कोठाराची किल्ली सावकाराच्या कनवटीला आहे. सामान्य संगणकधारकाची स्थिती याहून फारशी वेगळी नाही.

ही भीती काल्पनिक आहे काय? अलीकडची एक घटना लक्षात घेण्याजोगी आहे. गुजरातमध्ये वाडिनार येथे वर्षाला सुमारे दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना चालविणारी नायरा एनर्जी ही कंपनी. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीचा सुमारे ४९ टक्के वाटा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने या कंपनीवर निर्बंध लादले. ते भारताचे निर्बंध नव्हते, संयुक्त राष्ट्रसंघाचेही नव्हते. तरीही काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबविल्या आणि भारतभूमीवरील, भारतीय कायद्याने चालणाऱ्या, पैसे मोजून परवाने घेतलेल्या कंपनीतील कर्मचाऱ्यांना स्वतःचीच ई-पत्रे उघडता येईनात. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या. प्रश्न मिटला, पण धडा राहिला. येथे बंद पडली ती ई-पत्राची सेवा, कार्यप्रणाली नव्हे, हे खरे. तत्त्व मात्र तेच आहे. ज्याच्या हाती किल्ली, त्याच्या हाती कारभार.

दुसरी घटना अधिक घरगुती आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार संपला. मर्यादित काळासाठी वाढीव सुरक्षेची सोय ठेवण्यात आली असली, तरी मुख्य मार्ग विंडोज ११ कडे जाण्याचाच सांगितला गेला. त्या नव्या आवृत्तीला मात्र सुरक्षेची एक विशिष्ट चकती आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. परिणामी सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेले आणि आजही ठणठणीत असलेले असंख्य संगणक एका दिवसात 'जुने' ठरले. तालुक्याच्या गावातील एखाद्या शाळेत देणगीदारांनी मोठ्या श्रद्धेने दिलेले दहा संगणक असतात. त्यांचे यंत्र बिघडलेले नाही, पडदा फुटलेला नाही. दूरच्या एका कार्यालयाने पाठ फिरविली, म्हणून ते भंगारात काढायचे काय?

मुक्ततेचा इतिहास

या प्रश्नाचे उत्तर गेली चार दशके जगात घडत आले आहे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन या संगणकतज्ज्ञाने सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला. त्याचे म्हणणे साधे होते. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्ये असावीत: हव्या त्या कामासाठी ते चालविण्याचे, त्याची आतील रचना अभ्यासण्याचे, शेजाऱ्याला त्याची प्रत देण्याचे, आणि त्यात सुधारणा करून ती सुधारणा इतरांना वाटण्याचे. या स्वातंत्र्यांना कायद्याचे कवच मिळावे म्हणून १९८९ मध्ये त्याने एक परवाना लिहिला. त्याची मेख अशी की, मुक्तपणे घेतलेल्या आज्ञावलीत जो भर घालून ती पुढे वाटेल, त्याने आपली भरही तितक्याच मुक्तपणे द्यावी. घेणाऱ्याला देण्याचे कर्तव्य चिकटविणारा हा करार आहे.

स्टॉलमनच्या वाड्याला खोल्या होत्या, दारे होती, पण कारभारी तयार नव्हता. तो आला फिनलंडमधून. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये, आपण एक छोटी कार्यप्रणाली छंद म्हणून लिहीत असल्याचे जगाला कळविले. पुढच्याच महिन्यात तिची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. १९९२ मध्ये त्याने स्टॉलमनचाच परवाना स्वीकारला आणि जगभरचे हात त्या कामाला लागले. आज लिनक्सच्या गाभ्यात सुमारे चार कोटी ओळी आहेत. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते, तिच्यातील पाचशेच्या पाचशे संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. ज्या अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर खेड्यातला शेतकरी बाजारभाव पाहतो, त्याचाही गाभा लिनक्सचाच आहे. म्हणजे 'लिनक्स सामान्य माणसाला जमेल काय' हा प्रश्न मागे पडला आहे; सामान्य माणूस ते न कळत वापरतोच आहे.

१९९१ हे वर्ष भारताच्या दृष्टीनेही लक्षणीय ठरले. त्याच वर्षी देशाने आपली बाजारपेठ जगाला खुली केली आणि त्याच वर्षी नागपुरात स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली. अमेरिकेने हवा तो महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था उभी राहिली होती. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, तोही १९९१ मध्येच. नकार हे स्वाभिमानी समाजाला आव्हान असते, हे त्या वेळी पुण्यातील तंत्रज्ञांनी दाखवून दिले.

लिनक्स स्वदेशी आहे काय?

येथे एक शंका प्रामाणिकपणे उपस्थित होते. लिनक्स फिनलंडमध्ये जन्मले, अमेरिकेत वाढले. मग त्याला स्वदेशी कसे म्हणावे? शंका योग्य आहे आणि तिला उत्तरही आहे. स्वदेशी म्हणजे परदेशातून आलेल्या ज्ञानाचा तिरस्कार नव्हे. ज्ञान सर्व दिशांनी यावे अशी या देशाची प्राचीन प्रार्थना आहे. स्वदेशीचा कस लागतो तो निराळ्या ठिकाणी: ती वस्तू उघडून पाहता येते काय, दुरुस्त करता येते काय, आपल्या भाषेत व प्रकृतीत बसविता येते काय, आणि देणाऱ्याने उद्या पाठ फिरविली तरी ती आपल्याजवळ राहते काय? या चारही प्रश्नांना लिनक्सचे उत्तर 'होय' असे आहे.

याचा अर्थ मुक्तस्रोताच्या जगात राजकारण शिरत नाही असा नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची देखभाल करणाऱ्यांच्या यादीतून काही रशियन तंत्रज्ञांची नावे निर्बंधांचे कारण देऊन वगळण्यात आली. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण त्यातील भेद पाहावा. त्या तंत्रज्ञांचा यादीतील मान गेला. आज्ञावली कोणी काढून घेऊ शकले नाही. ती रशियात आजही तशीच चालते, आणि हवी तर तेथे स्वतंत्रपणे वाढविताही येते. दिलेले ज्ञान परत मागता येत नाही, हा या परवान्याचा सर्वांत मोठा विशेष आहे. अर्थात, त्याचा लाभ ज्याच्याजवळ ती आज्ञावली वाचणारी माणसे आहेत त्यालाच होतो. म्हणून लिनक्स नुसते वापरणारा भारत पुरेसा नाही, ते घडविणारा भारत हवा.

ज्ञान बंदिस्त करू पाहणाऱ्या वृत्तीशी भारताची गाठ यापूर्वीही पडली आहे. जखमेवर हळद लावण्याच्या, घरोघरच्या आजीला ठाऊक असलेल्या उपचारावर १९९५ मध्ये अमेरिकेत एकस्व दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला पुराव्यांनिशी आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हळदीचे ज्ञान जसे कोणा एकाचे नव्हते, पिढ्यांनी वापरून, पारखून ते सर्वांचे केले होते, तसेच काहीसे मुक्तस्रोत आज्ञावलीचे आहे.

महाराष्ट्राला याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर तळेगावच्या पैसा फंडाचे स्मरण करावे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर हिंडून माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्यांनी तिला बळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव येथे काच कारखाना उभा राहिला. एका पैशाने कारखाना होत नाही. पण प्रत्येकाने आपला पैसा टाकला की होतो. कोणी दहा ओळी लिहितो, कोणी एक चूक शोधतो, कोणी एका शब्दाचे भाषांतर करतो. लिनक्स हा असाच एक जगड्व्याळ पैसा फंड आहे.

अस्तेयाचा प्रश्न

या विषयाला एक नैतिक बाजू आहे आणि ती टाळणे योग्य होणार नाही. कित्येक संस्थांत, कित्येक घरांत संगणकावर चालणारी कार्यप्रणाली आणि लेखनाची आज्ञावली चोरून उतरवलेली असते. संगणक जोडून देणारा 'सगळे टाकून देतो' म्हणतो आणि घेणारा ते 'फुकट मिळाले' असे समजतो. ज्या खोलीत सकाळी मुलांना यम-नियमांतील अस्तेय शिकवले जाते, त्याच खोलीत दुपारी चोरीच्या आज्ञावलीवर संगणकाचा वर्ग भरतो. मुले बोलत नाहीत, पण पाहतात. शिवाय अशा प्रतींतून घुसणारे विषाणू, अचानक बंद पडणारे संगणक आणि नष्ट होणारी दफ्तरे हा वेगळाच दंड. परवाना विकत घेण्याची ऐपत नसणे हा दोष नाही. परंतु कायदेशीर, निर्दोष आणि विनामूल्य मार्ग उपलब्ध असताना चोरीचा मार्ग धरणे हा मात्र दोष आहे.

प्रारंभ कसा करावा?

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू या. 'लिनक्स' हा केवळ गाभा आहे. त्याभोवती आवश्यक ती सर्व साधने रचून वेगवेगळे समूह आपापले संच तयार करतात. १९९३ पासून चालत आलेला डेबियन, २००४ मध्ये आलेला उबुंटू, २००६ पासूनचा लिनक्स मिंट हे त्यांतील नामांकित. भारतातही सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनच्या पायावर 'बॉस', म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स, हा संच २००७ मध्ये आणला. मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय त्यात आहे आणि शाळांसाठी 'एज्यु-बॉस' अशी त्याची निराळी आवृत्तीही आहे. ज्याला विंडोजची सवय आहे, त्याने प्रथम लिनक्स मिंट घ्यावे. खालच्या डाव्या कोपऱ्यातील यादी, खिडक्या, फाइलींचे कप्पे यांची मांडणी ओळखीची वाटते, आणि पहिल्या दिवशी माणूस बिचकत नाही.

पहिली पायरी म्हणजे दफ्तर सांभाळणे. संगणकातील सर्व कागदपत्रे, छायाचित्रे, हिशेब यांची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे. विंडोजमध्ये 'बिटलॉकर' हे कुलूप चालू असेल तर त्याची पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर उतरवून घ्यावी. नाहीतर पुढे आपल्याच दारात आपण अडकायचे.

दुसरी पायरी: संगणकाची प्रकृती पाहावी. मिंटला किमान दोन गीगाबाइट स्मृती लागते, पण चार असेल तर काम सुखाने होते. तबकडीवर वीस गीगाबाइट किमान, शंभर असल्यास उत्तम. स्मृती कमी असेल तर 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती निवडावी. फार जुने, ३२ बिटांचे यंत्र असेल तर आजच्या बहुतेक नव्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत, हे आधीच जाणून घ्यावे. जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी साधी एसएसडी बसविली तर तोच संगणक ओळखू येणार नाही इतका चपळ होतो.

तिसरी पायरी: संचाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच त्याची फाइल उतरवावी. ती साधारण तीन गीगाबाइटची असते. तिच्यासोबत दिलेली पडताळणीची संख्या जुळवून पाहावी. वाटेत फाइल बिघडली असेल किंवा कोणी तीत ढवळाढवळ केली असेल तर ते तेथेच उघड होते. मग 'रुफस' किंवा 'बलेना एचर' यांसारख्या साधनाने ती आठ गीगाबाइटच्या पेनड्राइव्हवर चढवावी. पेनड्राइव्हवरील आधीचे सर्व काही पुसले जाते, हे ध्यानात असू द्यावे.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची आणि नवशिक्याला धीर देणारी आहे. पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीने ठरविलेली कळ दाबली की, कोठून सुरुवात करायची हे संगणक विचारतो. पेनड्राइव्ह निवडला की पूर्ण मिंट पडद्यावर उभे राहते, आणि हार्डडिस्कला त्याने स्पर्शही केलेला नसतो. पाहुण्याला ओसरीवर बसवून त्याची वागणूक पाहावी, तसा हा प्रकार. वाय-फाय जोडले जाते काय, आवाज येतो काय, छपाईयंत्र ओळखले जाते काय, पडदा नीट दिसतो काय, हे निवांत तपासावे. न पटल्यास पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करावा. जुने सारे जागच्या जागी असते.

पटले, तर पाचवी पायरी स्थापनेची. पडद्यावरील 'स्थापना करा' या चित्रावर टिचकी दिली की भाषा, कळफलक, वेळेचा विभाग असे प्रश्न क्रमाने येतात. निर्णायक प्रश्न एकच: जुनी प्रणाली ठेवून शेजारी नवी बसवायची, की सर्व पुसून नवी घालायची? पहिले काही महिने दोन्ही शेजारी ठेवणे शहाणपणाचे. संगणक सुरू होताना कोणात जायचे ते निवडता येते. 'सर्व पुसा' हा पर्याय दफ्तराची प्रत हाती असल्याखेरीज निवडू नये. अर्ध्या तासाच्या आसपास काम होते. त्यानंतर प्रथम सर्व सुधारणा उतरवून घ्याव्यात.

यानंतर ध्यानात येते की, पुष्कळसे सामान आधीच घरात आहे. पत्रे, तक्ते, सादरीकरण यांसाठी 'लिब्रे ऑफिस', आंतरजालासाठी 'फायरफॉक्स'. 'सॉफ्टवेअर मॅनेजर' उघडून चित्रांसाठी 'गिंप', चलच्चित्रांसाठी 'व्हीएलसी', पुस्तकाच्या मांडणीसाठी 'स्क्रायबस' घेता येते. येथे एक नवी शिस्त शिकावी लागते. आंतरजालावर कोठूनही काहीही उतरवून बसवायचे नाही. संचाच्या अधिकृत कोठारातूनच घ्यायचे. काही बसविताना संगणक परवलीचा शब्द विचारतो. तो त्रास नव्हे, दारावरचा पहारेकरी आहे. लिनक्सला विषाणूंचा उपद्रव कमी, याचे एक कारण हेच. उपद्रव अजिबात नाही असे मात्र समजू नये.

मराठीचे काय?

ज्या संगणकावर मराठी सुखाने लिहिता येत नाही, तो संगणक मराठी समाजाचा नव्हे. सुदैवाने या बाबतीत लिनक्स मागे नाही. कळफलकाच्या मांडणीत भारताच्या यादीतून मराठी निवडली की 'इनस्क्रिप्ट' उपलब्ध होते. उच्चारानुसार लिहिण्याच्याही सोयी आहेत. इनस्क्रिप्ट ही भारत सरकारने प्रमाण ठरविलेली मांडणी. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. सर्व भारतीय लिप्यांसाठी सांगाडा एकच, म्हणजे मराठी शिकलेल्याची बोटे बंगाली वा कन्नडसाठीही तीच राहतात. भारतीय भाषांच्या वर्णमालेतील एकात्मता प्रत्यक्ष बोटांखाली यावी, असे याहून सुंदर उदाहरण नाही. 'ळ' साठी शिफ्टसह एन, आणि 'ऱ्या' मधील तुटक रफारासाठी शिफ्टसह जे व मग डी; एवढे लक्षात ठेवले की खास मराठीची अडचण उरत नाही. पंधरा दिवस रोज अर्धा तास सराव पुरतो.

अक्षरवळणेही मुक्त आहेत. 'लोहित' २००४ पासून आहे. मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्त' आणि 'बलू', मुंबईच्या आयआयटीतील, संस्कृतच्या जोडाक्षरांसाठीही समर्थ असे 'शोभिका', ही सारी मोफत मिळतात. शिकण्यासाठीही परभाषेकडे पाहावे लागत नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात लिनक्स आणि लिब्रे ऑफिसचे छोटे छोटे पाठ मराठीतही आहेत. सावरकरांनी 'दिनांक', 'क्रमांक', 'महापौर' हे शब्द दिले तेव्हा अनेकांनी नाके मुरडली; आज ते शब्द कोणी घडविले हेही कोणाला आठवत नाही, इतके ते रुळले. लिनक्सच्या प्रत्येक खिडकीतील शब्द मराठीत आणण्याचे काम असेच आहे. तेथे कोणा कंपनीच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. भाषेच्या प्राध्यापकाला, निवृत्त शिक्षकाला, एकही आज्ञा न लिहिता या कामात हातभार लावता येतो.

अडचणी कोणत्या?

प्रचाराच्या भरात अडचणी लपविणे हा कार्याशी द्रोह होय. 'टॅली' थेट लिनक्ससाठी बनविलेली नाही. ज्या पतपेढीचा सारा हिशेब तीत आहे, तिने एक संगणक विंडोजवर ठेवावा हेच व्यवहार्य. जुन्या, युनिकोडपूर्व अक्षरसंचांत टंकलेली मराठी कागदपत्रे नव्या घरात अगम्य चिन्हे होऊन येतात; त्यांचे रूपांतर आधी करून घ्यावे. (ती अडचण लिनक्सची नव्हे, त्या बंदिस्त अक्षरसंचांची आहे, आणि ती एक ना एक दिवस सोडवावीच लागणार आहे.) काही जुनी छपाईयंत्रे हट्टी असतात. डिजिटल स्वाक्षरीच्या काही उपकरणांना जोडणी करून द्यावी लागते. लिब्रे ऑफिसमध्ये उघडलेल्या वर्डच्या फाइलीत क्वचित मांडणी हलते. म्हणून आपसांतील कागदपत्रे 'ओडीएफ' या मुक्त स्वरूपात ठेवणे बरे. भारत सरकारनेही ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण २०१० मध्ये आणि मुक्तस्रोताच्या स्वीकाराचे धोरण २०१५ मध्ये जाहीर केले आहे.

केवळ उत्साहाने बदल टिकत नाही, हे जर्मनीतील म्युनिक शहराने अनुभवले आहे. त्या नगरपालिकेने दहा वर्षे खपून सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये पुन्हा माघारी फिरण्याचे ठरविले. याउलट त्याच देशातील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे तीस हजार संगणकांसाठी मुक्तस्रोताची वाट धरली. आपल्याकडे केरळच्या सरकारी शाळांनी गेली अनेक वर्षे लिनक्सवर, मल्याळम भाषेत, संगणकशिक्षण चालविले आहे. तेथील सत्ताधाऱ्यांच्या विचारसरणीशी मतभेद असणाऱ्यांनीही हे काम मोकळ्या मनाने पाहावे. चांगले जेथे असेल तेथून घ्यावे, हीच या संस्कृतीची रीत. भारताच्या संरक्षण मंत्रालयातील संगणकांसाठी उबुंटूच्या आधारे 'माया' ही प्रणाली सिद्ध झाल्याची वृत्ते ऑगस्ट २०२३ मध्ये आली. सीमेचे रक्षण करणाऱ्यांना ज्याची निकड वाटली, ते शाळेला आणि पतपेढीला अनावश्यक कसे ठरेल?

एका संगणकापासून

तेव्हा करायचे काय? प्रत्येक संस्थेने आपला सर्वांत जुना, कोपऱ्यात पडलेला एक संगणक निवडावा आणि एका रविवारी त्यावर लिनक्स बसवावे. दोन तरुणांनी ते शिकून घ्यावे; पण 'संगणकाचे सगळे त्यालाच कळते' असा एकमेव तज्ज्ञ निर्माण होऊ देऊ नये. तो शिक्षणासाठी परगावी गेला की काम ठप्प होते. पहिला महिना केवळ पत्रव्यवहार नव्या प्रणालीवर करावा, दुसऱ्या महिन्यात मुलांचा वर्ग, त्यानंतर उरलेले संगणक. कार्यालयातील ज्या वडीलधाऱ्यांचा हात जुन्या प्रणालीवर बसला आहे, त्यांच्याशेजारी आठवडाभर बसावे. त्यांची चेष्टा करू नये. म्युनिकचा विचार करतानाही हेच मनात येते, की यंत्र बदलायला अर्धा तास लागतो, सवय बदलायला माणूस लागतो.

आणि शेवटी मुलांकडे पाहावे. बंद डब्यासारखा संगणक मुलाला ग्राहक बनवतो. उघडून पाहता येणारा संगणक त्याला जिज्ञासू बनवतो. घड्याळ उघडून पाहणाऱ्या मुलाच्या पाठीत पूर्वी धपाटा बसत असे. लिनक्सचे घड्याळ मात्र उघडण्यासाठीच दिलेले आहे. बिघडले तर पेनड्राइव्ह लावून अर्ध्या तासात पुन्हा चालू होते. एखाद्या सेवावस्तीतील अभ्यासिकेत, एखाद्या वनवासी पाड्यावरच्या वसतिगृहात, देणगीत आलेल्या जुन्या संगणकावर एखादी मुलगी त्या चार कोटी ओळींपैकी एक ओळ वाचेल, तिला ती समजेल आणि एक दिवस त्यात ती स्वतःची एक ओळ लिहील. एका पैशाने कारखाना होत नाही, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की पहिला पैसा कोणीतरी टाकावाच लागतो.

कोठाराची किल्ली मागायला कोणाच्या दारी जाण्याची गरज नाही. ती उंबरठ्यावर ठेवलेली आहे. वाकून उचलण्याचे कष्ट तेवढे करायचे आहेत.

भारत माता की जय!